शर्यत समजायची तर सायकल चालवावी

जुलैमधले तीन आठवडे महाराष्ट्रातल्या काही घरांत रात्रीचे जेवण लांबते. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा त्या दिवसाचा टप्पा आपल्या घड्याळाप्रमाणे नऊच्या आगेमागे संपतो आणि तोवर घरातला एक माणूस पडद्यासमोरून हलत नाही. हाच माणूस पहाटे पावसाची उघडीप बघून बोपदेव किंवा कात्रजच्या घाटात सायकल घालतो आणि वेळेवर कचेरीत हजर होतो. तो हौशी सायकलस्वार आहे. कुठल्या संघात जाण्याचे त्याचे वय उलटून गेलेले असते. घरच्यांचा प्रश्न रास्तच म्हणायचा: चार-पाच तास माणसे नुसती पायडल मारताना दिसतात, त्यात एवढे बघण्यासारखे काय?

या प्रश्नाचे उत्तर वाऱ्यात आहे, आणि वारा दूरचित्रवाणीवर दिसत नाही. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद समोरची हवा कापण्यात खर्च होते. त्याच्या मागच्या चाकाला चिकटून येणाऱ्याला तोच वेग कितीतरी स्वस्तात मिळतो. बर्ट ब्लोकेन या संशोधकाने २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या जथ्याचा अभ्यास केला. जथ्याच्या पोटात सुरक्षित बसलेल्याला एकट्याने चालवणाऱ्याच्या तुलनेत हवेचा विरोध अवघा पाच ते दहा टक्के सोसावा लागतो, असे त्यात आढळले. पेलोटॉन म्हणतात तो हा जथा. रस्त्यावरच्या शर्यतीतले सगळे डावपेच या एका गोष्टीतून निघतात. सर्वांत ताकदवान माणूस जिंकेलच असे नाही, कारण त्याने आपली ताकद कुणासाठी आणि कुठे खर्च केली, यावर निकाल ठरतो. सासवड-जेजुरी रस्त्यावर समोरचा वारा अंगावर घेत ज्याने मित्रांची रांग ओढली आहे आणि मग बाजूला होऊन शेवटच्या चाकामागे विसावा घेतला आहे, त्याला हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

त्यामुळे हौशी सायकलस्वाराची नजर विजेत्यावर कमी आणि इतरांवर जास्त असते. पुढाऱ्याच्या संघातला एक जण वेग कमी करून मागे सरकतो, संघाच्या मोटारीपाशी येतो आणि खिडकीतून मिळणाऱ्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून घेतो. दोन सायकलच्या पिंजऱ्यात, बाकीच्या पाठीच्या खिशांत आणि जर्सीच्या आत मानेपासून कमरेपर्यंत. पाठीवर कुबड आल्यासारखा दिसणारा हा माणूस पुन्हा मोटारींच्या रांगेतून वाट काढत, जथ्याच्या कडेने पुढे जाऊन प्रत्येक सहकाऱ्याला बाटली पोचवतो. चढ सुरू झाला की पुढाऱ्यासाठी वारा कापतो, दम संपला की बाजूला होतो. निकालपत्रात त्याचा क्रमांक शंभराच्या पुढे असतो. अशा मदतनिसाला डोमेस्टिक म्हणतात. त्याच्याशिवाय एकूण आघाडीवरच्या सायकलस्वाराची पिवळी जर्सी आज कुणाला मिळणे कठीण.

डोंगरातल्या टप्प्यांत सर्वांत मागे आणखी एक घोळका असतो. सपाटीवर वाऱ्यासारखे पळणारे, पण चढाला जड पडणारे धिप्पाड सायकलपटू त्यात एकत्र येतात. विजेत्याच्या वेळेवरून त्या दिवसाची कमाल मुदत ठरते. ती चुकली तर दुसऱ्या दिवशी शर्यतीत जागा नाही. म्हणून एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले हे लोक हिशेबाने, एकमेकांना सांभाळत घाट चढतात. आमच्या मते टूरमधले हे सर्वांत माणुसकीचे दृश्य आहे आणि कॅमेरा तिथे फार थोडा वेळ जातो.

या खेळाला स्टेडियम नाही आणि बहुतांश रस्त्यावर तिकीटही नाही. आल्प द्युएझचा १३.८ किलोमीटरचा, एकवीस वळणांचा चढ उत्तम व्यावसायिक चाळीस मिनिटांच्या आत चढतात; सराव असलेल्या हौशी माणसालाही सहसा तासाच्या आसपास किंवा वर लागतो. पण रस्ता तोच. १९९३ पासून टूरच्या एका टप्प्याचा मार्ग जवळपास दरवर्षी हौशी सायकलस्वारांसाठी बंद करून दिला जातो आणि हजारो लोक त्यावरून जातात. मुळात टूर सुरू झाली तेव्हा हौशी आणि व्यावसायिक यांच्यात आजच्याएवढी भिंत नव्हती. ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचा खप वाढवण्यासाठी आंरी देग्रांज यांनी १९०३ मध्ये टूर भरवली. त्या वेळी ६० जण निघाले आणि २१ जण शेवटपर्यंत पोचले. पुढेही १९३० च्या दशकापर्यंत कुठल्याही संघाचा आधार नसलेल्या, स्वखर्चाने उतरणाऱ्या सायकलस्वारांना टूरमध्ये जागा असे. दिवसभर सायकल चालवून झाल्यावर रात्रीचा मुक्काम, जेवण आणि सायकलची दुरुस्ती ही ज्याची त्याने बघायची. त्यांच्यातला ज्यूल दलॉफ्र हा सायकलस्वार टप्पा संपल्यावर लोकांसमोर कसरती करून खोलीभाड्याचे पैसे जमवत असे.

ती भिंत आता उंच झाली आहे, तरी अभेद्य नाही. टोकियो ऑलिम्पिकमधली महिलांची रस्त्यावरची शर्यत २५ जुलै २०२१ रोजी झाली. अंतर १३७ किलोमीटर. ऑस्ट्रियाची आना कीजनहोफर हिच्याकडे त्या वेळी कुठल्याही व्यावसायिक संघाचा करार नव्हता. ती गणितात पीएचडी केलेली, लोझानच्या तंत्रविद्यापीठात संशोधन करणारी आणि स्वतःच्या सरावाची आखणी स्वतःच करणारी सायकलस्वार होती. निशाण पडताच ती पुढे निसटली, आणखी चार जणी तिच्यासोबत गेल्या. मागच्या जथ्याने त्यांना जाऊ दिले. आघाडी दहा मिनिटांच्या वर गेली. शेवटचे सुमारे ४१ किलोमीटर उरले असताना तिने उरलेल्या दोघींनाही मागे टाकले आणि ती एकटीच वाऱ्याला सामोरी गेली.

मागे नेदरलँड्सचा बलाढ्य संघ होता. ऑलिम्पिकमध्ये कानातल्या बिनतारी यंत्राला परवानगी नसल्याने पुढे नक्की किती जणी आहेत, हा हिशेब त्यांच्या हातून निसटला. दोघींना गाठल्यावर आता पुढे कुणी नाही, असे त्यांना वाटले. त्या संघाच्या आनेमीक व्हान फ्लॉयटन हिने शेवटची रेषा ओलांडताना सुवर्णपदक जिंकल्याच्या आनंदात हात उंचावले. कीजनहोफर सव्वा मिनिट आधीच पोचली होती.

त्या दिवशी हौशी स्त्रीने व्यावसायिकांना हरवले, एवढेच म्हणून भागत नाही. जथ्यात राहून धक्काबुक्की करण्याचा सराव आपल्याला नाही, हे कीजनहोफर ओळखून होती. एकटीने दीर्घकाळ एकसारखी ताकद लावणे हे तिचे बळ होते. तिने शर्यतच अशी घडवली की जथ्याशी गाठ पडणार नाही. स्वतःची कुवत वॉटमध्ये मोजून असलेल्या प्रत्येक हौशी सायकलस्वाराला या विजयात काय दडले आहे ते कळते.

या खेळाने चाहत्यांचा विश्वासघातही केला आहे. १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे टूर जिंकलेल्या लान्स आर्मस्ट्राँगची सर्व विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांमुळे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. कुठलाही विक्रम बघताना मनात शंका येते ती तेव्हापासून, आणि ती असावीच. घाट चढताना छातीचा भाता कसा होतो हे ठाऊक असलेला चाहता अशक्य आकड्यांवर सहजी भाळत नाही.

आता आपल्याकडे वळू. मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाटात पहिला येणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब जुन्या पिढीला आठवत असेल. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हौशी सायकलिंगाने पुन्हा जोर धरला, पण वेगळ्या वाटेने. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने, अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ ही शर्यत पूर्ण केली. गावोगावचे क्लब ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, भरवतात: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, मग ३००, ४००, ६००. तिथून काही जण ९० तासांत सुमारे १२०० किलोमीटर कापायच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसपर्यंत मजल मारतात. हे सारे कौतुकाचे आहे. मात्र ब्रेव्हेत क्रमांक काढला जात नाही, लढत घड्याळाशी असते. खांद्याला खांदा लावून, पुढच्या चाकापासून वीतभर अंतर राखून, वळणावर जागा न सोडता चालवण्याचे कसब अशा सायकलिंगातून येत नाही. त्यासाठी वाहतूक थांबवलेला रस्ता लागतो आणि तो आपल्याकडे मिळत नाही. चालू रहदारीत असा सराव करणे जिवावर बेतू शकते. आपले हौशी लोक अंतराकडे वळले याचे मोठे कारण हेच असावे.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर या शर्यतीने ही अडचण निदान काही दिवस दूर केली. चार टप्पे, ४३७ किलोमीटर, परदेशी संघ आणि त्यांच्यासाठी रिकामा ठेवलेला रस्ता. प्रशासनाने मनावर घेतले तर हे होऊ शकते, हे सिद्ध झाले आहे. पाहुणे सायकलपटू निघून गेल्यावर रस्त्याचे काय, हा खरा प्रश्न आहे. वर्षातून एकदा भव्य सोहळा करून सायकलपटू तयार होत नाहीत. ते दर महिन्याच्या लहान शर्यतींतून तयार होतात.

म्हणून जिल्हा प्रशासनांनी आणि पोलिसांनी एक साधी गोष्ट करावी. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सहा ते नऊ, दहा-बारा किलोमीटरचा एखादा वळसा वाहनांना बंद ठेवावा. शाळकरी मुले-मुली, महिला आणि प्रौढ हौशी यांच्या वेगळ्या शर्यती तिथे घ्याव्यात, शेजारी रुग्णवाहिका उभी असावी. क्लबांनी नवख्यांना आधी रांगेत चालवायला, खड्डा दिसताच पाठीमागे हात नेऊन खूण करायला आणि चाक न डगमगू देता बाटली घ्यायला शिकवावे. बाकीच्यांकडून एवढीच अपेक्षा: घाटात पुढे सायकलींची रांग दिसली तर हॉर्न वाजवू नका, वळण संपेपर्यंत मागे थांबा आणि ओलांडताना दीड मीटर जागा सोडा.