११६ विजयांचे मोल काय?

बेसबॉलशी आपल्या वाचकाला फारसे सोयरसुतक नाही. तरीही अमेरिकेतल्या सिएटल मरिनर्स संघाच्या २००१ च्या हंगामाकडे मला पुन्हा वळावेसे वाटते; कारण त्यातला प्रश्न निव्वळ खेळाचा नाही.

रँडी जॉन्सन, केन ग्रिफी आणि ॲलेक्स रॉड्रिग्ज हे तिन्ही मोहरे त्याआधीच्या तीन वर्षांत संघाने गमावले होते. रॉड्रिग्जसाठी तर टेक्सासने दहा वर्षांच्या कराराचे २५ कोटी २० लाख डॉलर कबूल केले. अशा संघाकडून कोण काय अपेक्षा ठेवणार? पण जपानहून आलेला इचिरो सुझुकी पहिल्याच वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित आणि सर्वांत मोलाचा खेळाडूही ठरला. मरिनर्सनी १६२ पैकी ११६ सामने जिंकून शिकागो कब्जच्या १९०६ मधल्या विक्रमाशी बरोबरी केली. ते कब्जही त्या वर्षी अंतिम मालिका हरले होते!

मरिनर्सना तर अंतिम मालिकाही दिसली नाही. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद लढतींत, त्यांनी क्लीव्हलंडला ३-२ असे कसेबसे नमवले. पुढे ९५ विजयांच्या न्यूयॉर्क यांकीजनी त्यांना ४-१ असे घरी बसवले. सहा महिन्यांची कमाई आठवडाभरात गेली.

हे केवळ नशीब नव्हे. लांबलचक हंगामात पाच-पाच पिचर आलटूनपालटून चेंडू फेकतात, राखीव खेळाडूंचाही कस लागतो. छोट्या मालिकेत मात्र तीन-चार अव्वल पिचरवर निभावते, आणि यांकीजकडे ते होते. दोन्ही परीक्षा खऱ्या. पण त्या एकच गुण मोजत नाहीत.

१९६८ पर्यंत दोन लीगचे अव्वल संघ थेट अंतिम मालिकेत भिडत. पुढे फेऱ्या वाढत गेल्या. २०२२ पासून बारा संघांना प्रवेश मिळतो. त्यामुळे अधिक शहरांत आशा टिकते, तशीच दूरचित्रवाणीची कमाईही वाढते. किंमत मोजतो तो साखळीतला अव्वल संघ. २०२३ मध्ये शंभर वा अधिक सामने जिंकलेले तिन्ही संघ आपल्या पहिल्याच मालिकेत गारद झाले आणि ८४ विजयांचा ॲरिझोना अंतिम मालिकेत पोहोचला.

सिएटलला पुढची बाद फेरी दिसली ती थेट २०२२ मध्ये. २०२५ मध्ये टोरंटोविरुद्धच्या सातव्या सामन्यात अंतिम मालिका पुन्हा एका पावलावर राहिली. करंडक कोणाला द्यायचा, हे आठवडाभरात ठरवावे लागते, हे मान्य. पण त्याच आठवड्याने सहा महिन्यांचे कष्ट नापास ठरवावेत, हा न्याय मला पटत नाही.