संशोधनाचा पाट शेवटच्या बांधीपर्यंत

सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संस्था संशोधन करू शकत नाहीत, असा एक समज गेल्या तीन दशकांत पद्धतशीरपणे रुजविण्यात आला आहे. दळणवळण आणि संगणक या क्षेत्रांतील दोन राष्ट्रीय संस्थांचा इतिहास या समजाला सरळ खोटे ठरवितो. एक दिल्लीची ‘सी-डॉट’ आणि दुसरी पुण्याची ‘सी-डॅक’. त्यांच्या यशाचा गौरव समाजवादी कार्यकर्त्याने मोकळ्या मनाने केला पाहिजे. परंतु गौरव करून थांबणे म्हणजे अर्धेच काम करणे होय. या संशोधनाचे फळ सालेकसा आणि देवरी तालुक्यांतील धान पिकविणाऱ्यापर्यंत, तेंदूपत्ता तोडणाऱ्यापर्यंत कोणत्या रूपाने पोहोचले, हा प्रश्न विचारल्यावाचून त्या यशाचे मोजमाप पुरे होत नाही.

पराक्रम खरा आहे

१९८४ साली सी-डॉट स्थापन झाली तेव्हा भारतात टेलिफोन ही प्रतिष्ठितांची वस्तू होती. परदेशी कंपन्यांची स्वयंचलित केंद्रे मोठ्या शहरांसाठी आखलेली, वातानुकूलित खोलीवाचून न चालणारी आणि महाग होती. छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये एवढ्या मर्यादेत देशी केंद्र उभारण्याचे काम तरुण अभियंत्यांवर सोपविण्यात आले. त्यांनी १२८ जोडण्यांचे ग्रामीण केंद्र तयार केले. ते उन्हात, धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालत असे. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम बसले आणि पुढे देशभर पसरले. गावोगावी दिसणारे पिवळ्या पाटीचे टेलिफोन बूथ ज्या जाळ्यावर उभे राहिले, त्याच्या ग्रामीण भागाचा पाया या केंद्रांनी घातला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, संशोधकांनी आधी खेड्यातील ऊन आणि धूळ लक्षात घेतली आणि मग यंत्र आखले. श्रीमंतांसाठी केलेली वस्तू उरलीसुरली म्हणून गरिबाकडे सरकविण्याचा हा प्रकार नव्हता.

सी-डॅकचा जन्म १९८८ चा. महासंगणक देताना अमेरिकेने अडवणूक केली. अधिक क्षमतेचे यंत्र नाकारले आणि जे दिले ते केवळ हवामानाच्या कामासाठी, देखरेखीच्या अटी लादून दिले. तेव्हा पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली समांतर गणनेची वाट धरण्यात आली. एकच अतिवेगवान मेंदू मिळत नसेल तर अनेक साधे मेंदू एकत्र कामाला लावावेत, ही ती कल्पना. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. २०२० च्या नोव्हेंबरात याच संस्थेचा ‘परम सिद्धी’ जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांत त्रेसष्टावा आला. याच संस्थेच्या भाषा विभागाने देवनागरीसह भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणल्या. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ठरलेल्या राष्ट्रीय सांकेतिक मानकाला त्या कामाचा मोठा आधार होता. मराठीत अर्ज टंकित होतो, सातबारा छापून मिळतो, त्यामागे अशा संशोधकांची अनेक वर्षांची मेहनत आहे.

या संस्थांचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १९९१ नंतर बाजार खुला झाला. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांना दार उघडून दिले आणि देशी संशोधनाला हक्काचे गिऱ्हाईक उरले नाही. भारत संचार निगमची कहाणी त्याची साक्ष देते. खाजगी कंपन्यांनी २०२२ च्या ऑक्टोबरात पाचव्या पिढीची सेवा सुरू केली. सार्वजनिक निगमच्या देशी बनावटीच्या चौथ्या पिढीच्या सेवेचे उद्घाटन त्यानंतर तीन वर्षांनी, २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. त्या सेवेचा गाभा सी-डॉटने बनविला आहे. म्हणजे बुद्धी कमी पडली नव्हती. सार्वजनिक संस्थेला वेळेवर पैसा आणि काम देण्याची राजकीय इच्छा कमी पडली होती.

यंत्र आधी कोणत्या कामाला लागले?

आता गोंदियाकडे वळू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. येथील धान उत्पादकाला हमीभाव हवा असेल तर पणन महासंघाच्या अथवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर धान नेण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. त्यासाठी सातबारा हवा, बँकेचे खाते हवे आणि सातबाऱ्यावर धानाची नोंद हवी. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची ही नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधीत उभे राहून मोबाइलवर छायाचित्र काढून करावयाची, अशी ई-पीक पाहणीची पद्धत महाराष्ट्रात सुरू झाली. तलाठ्याने कचेरीत बसून नोंदी करण्यापेक्षा ही पद्धत तत्त्वतः चांगलीच आहे. परंतु ज्याच्याकडे तसा मोबाइल नाही, ज्याच्या गावात रेंज नाही, त्याने काय करावे? त्याला कोणाच्या तरी मुलाची विनवणी करावी लागते, नाही तर रेंजच्या शोधात रस्त्यापर्यंत चालावे लागते. मुदत टळली तर हमीभाव हुकतो आणि धान व्यापारी म्हणेल त्या भावाने जाते.

रोजगार हमीच्या मजुरांचे तेच. १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा छायाचित्रासह मोबाइलवर हजेरी सक्तीची करण्यात आली. छायाचित्र चढले नाही तर दिवसभर माती उपसूनही हजेरी लागत नाही, आणि हजेरी नाही तर मजुरी नाही. ही सक्ती लादली जात असताना सरकारला वस्तुस्थिती ठाऊक नव्हती काय? अवघ्या सहा महिन्यांपूर्वी, जुलै २०२२ मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील २४,६८० गावांत चौथ्या पिढीची सेवा पोहोचलेली नाही म्हणून ती पोहोचविण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. एका हाताने जाळे नाही हे मान्य करावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याच जाळ्यावर मजुराची भाकरी टांगावयाची, असा हा कारभार आहे.

यातून जे सूत्र हाती येते ते यंत्राविषयीचे नाही, सत्तेविषयीचे आहे. नियंत्रण ठेवणारे यंत्र खेड्यात आधी पोहोचते आणि सेवा देणारे मागाहून येते. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात संगणकाला विरोध केला, तेव्हा त्यांची प्रगतीचे शत्रू म्हणून टवाळी झाली. संगणक थांबला नाही आणि थांबावयासही नको होता. पण ‘हे यंत्र कोणासाठी?’ हा त्यांचा प्रश्न आजही जागच्या जागी उभा आहे.

गोंडी बोलणाऱ्याचे काय?

सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतील गोंड समाज लोटतो. २०११ च्या जनगणनेत गोंडीभाषकांची संख्या सुमारे तीस लाख होती. तरीही गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. २०२२ मध्ये केंद्राने यंत्रानुवादाचा ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला तो अनुसूचीतील बावीस भाषा समोर ठेवून. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये घडविलेल्या गोंडी लिपीला संगणकाच्या जागतिक मानकात स्थान मिळाले ते २०१७ साली, नव्याण्णव वर्षांनी. २०२५ मध्ये ‘आदिवाणी’ या सरकारी अनुवाद-साधनात संथाळी, भिली, मुंडारी यांच्यासोबत गोंडीचा समावेश झाला, ही स्वागतार्ह सुरुवात आहे. परंतु त्यासाठी छत्तीसगडची गोंडी घेतली आहे, आणि गोंडीची बोली मुलखागणिक पालटते. साधन खरोखर उपयोगी ठरावयाचे असेल तर गोंदिया-गडचिरोलीच्या गोंडीचे नमुनेही त्यात हवेत, आणि ते गोळा करण्याचे काम त्या भाषकांच्या हाती व योग्य मोबदल्याने व्हावयास हवे.

हे अशक्य नाही. २०१० मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने छत्तीसगडात ‘सीजीनेट स्वर’ सुरू झाले. साध्या फोनवरून आपल्या भाषेत तक्रार अथवा बातमी सांगावी आणि इतरांनी ती ऐकावी, एवढीच त्याची रचना. त्याला महागडा मोबाइल लागत नाही आणि अक्षरओळखही लागत नाही. कित्तूरच्या केंद्रामागील दृष्टीच येथे पुन्हा दिसते. ज्याला वापरावयाचे आहे त्याच्या परिस्थितीपासून संशोधनाची सुरुवात होते.

कार्यकर्त्यांपुढील काम

या जिल्ह्यातील मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले. त्यांचे स्थापत्य पाळीच्या उंचीवर मोजले जात नाही. पाणी पाटाने शेवटच्या बांधीपर्यंत गेले की नाही, यावर ते मोजले जाते. राष्ट्रीय संशोधनालाही हीच कसोटी लावली पाहिजे. पुण्यात आणि दिल्लीत तलाव भरला आहे, पाट मात्र सालेकशापर्यंत फुटावयाचा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जेथे जाळे नाही तेथे कोणतीही ऑनलाइन सक्ती असू नये. कागदावरची नोंद व हजेरी तेथे कायदेशीर मानली जावी आणि यंत्राच्या चुकीने मजुरी वा हमीभाव बुडाल्यास त्याची भरपाई सरकारने द्यावी. ग्रामसभेपुढे दरवर्षी गावनिहाय जाळ्याचा अहवाल यावा. सी-डॉट, सी-डॅकसारख्या संस्थांना सरकारी कामात पहिला हक्क मिळावा आणि त्या बदल्यात खेड्याच्या गरजा त्यांच्या संशोधनाच्या विषयपत्रिकेवर याव्यात. शेतकऱ्याला पीक नोंदणी साध्या फोनवरून, मराठीत आणि गोंडीत, बोलून करता आली पाहिजे.

परंतु मागणीला पुरावा लागतो. कोणत्या गावात रेंज नाही, किती जणांची नोंदणी मुदतीत झाली नाही, किती मजुरांची हजेरी छायाचित्राअभावी गेली, याची यादी तालुक्यातालुक्यांतून कार्यकर्त्यांनी स्वतः तयार केली पाहिजे. येत्या धान खरेदीच्या हंगामापूर्वी आठही तालुक्यांतील अशा याद्या जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवल्या गेल्या, तर कागदोपत्री पोहोचलेले जाळे प्रत्यक्षात कोठे अडले आहे हे नाकारणे कोणालाही कठीण जाईल.