टेम्पोला जर्मन म्हणा

मराठवाड्यात जर्मन गाडी कधी आली, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं आहे. ऑक्टोबर २०१०. तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या. व्यवहार ६५ कोटींचा. त्यातले चाळीस कोटींच्या वर स्टेट बँकेने कर्जाऊ दिले, तेही सात टक्क्यांनी. बातमी देशभर गाजली. कायम अनुशेषाच्या तक्त्यात दिसणाऱ्या मुलखाचं नाव एकदम मर्सिडीजच्या शेजारी छापून आलं, तेव्हा लातूर-नांदेडकरांचीही कॉलर ताठ झाली. औरंगाबाद आमच्यापासून अडीचशे किलोमीटर लांब. पण मिरवायचं म्हटलं की मराठवाडा एक होतो.

दुसरी बाजूही लगेच उभी राहिली. मर्सिडीजला सात टक्के आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला त्याहून कितीतरी जास्त व्याज, ही विसंगती पी. साईनाथ यांनी वेशीवर टांगली. ती टीका बिनतोड होती आणि तिचं खंडन करायला मी बसलेलो नाही.

मात्र टाळ्या वाजवणारे आणि बोटं मोडणारे, दोघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरली. जर्मन गाडी ही श्रीमंताची वस्तू, ती आपल्याकडे काल-परवा आली, आणि साध्या माणसाचा तिच्याशी संबंध आलाच तर तो हेवा करण्यापुरता. एका टोकाला मर्सिडीज, दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टर. मधल्या मध्ये जी गाडी अर्धं शतक आमचा माल आणि आमची माणसं वाहत होती, ती कुणाच्याच नजरेत आली नाही. तीही जर्मनच. तिचं नाव टेम्पो.

आधी एक छोटी दुरुस्ती. मर्सिडीजचा तारासुद्धा आमच्याकडे २०१० ला उगवलेला नाही. टेल्कोने १९५४ साली डायम्लर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि १९६९ पर्यंत जमशेदपूरहून निघणाऱ्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. नांदेडच्या कापसाच्या गाठी आणि लातूरची डाळ वाहण्याच्या त्या काळात आमच्या आधीच्या पिढीने हा तारा ट्रकवर पाहिला, आणि त्याच्याखाली उताणं झोपून ग्रीसही मारलं. मग करार संपला, तारा गेला, टाटांचं चिन्ह आलं. एवढं पुरे, माझा खरा मुद्दा ताऱ्याचा नाही.

टेम्पो हा शब्द आपल्याला इतका आपला वाटतो की तो एका कारखान्याचा ट्रेडमार्क होता हे सांगितलं तर लोक हसतात. हॅम्बुर्गजवळच्या हारबुर्गमध्ये 'विडाल आणि सोन' नावाची कंपनी होती, म्हणजे विडाल आणि मुलगा. तिने १९२८ च्या सुमारास तीनचाकी मालवाहू गाड्या काढल्या आणि त्यांना नाव दिलं टेम्पो, म्हणजे वेग. जर्मनीत त्याच सुमारास दोनशे सीसीपर्यंतच्या वाहनांना कर आणि लायसन्स दोन्ही माफ झालं होतं. ज्याला ट्रक परवडत नाही आणि हातगाडी पुरत नाही अशा किराणावाल्याला, दूधवाल्याला, भाजीवाल्याला ही गाडी सोयीची पडली. म्हणजे टेम्पो जन्मापासूनच मोंढ्याची गाडी. तिचा पहिला धनी आणि लातूरच्या गंजगोलाईतला फुटकळ व्यापारी यांच्यात भाषा सोडली तर फारसा फरक नव्हता.

१९५८ साली नवलमल फिरोदियांनी बजाज टेम्पो सुरू केली, आधी गोरेगावला, मग आकुर्डीला. फिरोदिया मूळचे अहमदनगरचे. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. अशा घरातल्या माणसाने जर्मनीकडे बघितलं तेव्हा त्याच्या मनात मोटारीची हौस नव्हती. त्याला माणसाने ओढायची गाडी रस्त्यावरून घालवायची होती. तीनचाकी ऑटोरिक्षा भारतात रुजवण्यामागेही तेच होते. त्यांनी उचललेली टेम्पोची गाडी म्हणजे हन्सेट. पुढे एकच चाक, इंजिन त्याच चाकाजवळ, साखळीने ओढणारं, दोन सिलिंडरांचं टू-स्ट्रोक. फाटफाट आवाज करी, धूर सोडी, पण गोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांतल्या कुठल्याही अरुंद तोंडात जागच्या जागी वळे. हमालाची पाठ आणि बैलगाडी यांच्यामधली जागा तिने भरून काढली.

आता आक्षेपांकडे वळतो. हा लेख लिहिण्याआधी मी हा विषय चार ठिकाणी काढला आणि चारही ठिकाणी लोक माझ्यावर तुटून पडले.

पहिला आक्षेप सर्वांत जोरकस आहे. हन्सेट जर्मनीत १९५६ ला बंद झाली आणि आपल्याकडे त्यानंतर सुरू झाली. म्हणजे त्यांनी उकिरड्यावर टाकलेलं आपण उचललं, त्यात कसली जर्मन प्रतिष्ठा? वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा. हन्सेट वाईट निघाली म्हणून जर्मनांनी टाकली नाही. युद्धानंतर त्यांच्याकडे पैसा आला आणि त्यांचा भाजीवाला चार चाकांवर गेला. आमचा भाजीवाला तेव्हा पाटी डोक्यावरून उतरवून हातगाडा घेण्याच्या विचारात होता. गिऱ्हाईक श्रीमंत झालं म्हणून दुकान बदललं, तर जुना माल खोटा ठरत नाही. आपल्याकडे हन्सेट विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली. जन्मगावात सात वर्षं आणि दत्तक घरी चार दशकं! मग त्या गाडीचा खरा इतिहास कुठला, हारबुर्गचा की आपला, हे आक्षेप घेणाऱ्यांनीच सांगावं.

दुसरा आक्षेप असा की टेम्पो कंपनीच बुडाली, मग तिचं नाव कशाला घ्यायचं? बुडाली हेही अर्धसत्य. साठच्या दशकात ती हनोमागच्या पोटात गेली आणि हनोमागच्या गाड्यांचा धंदा पुढे डायम्लर-बेन्झने गिळला. म्हणजे टेम्पो शेवटी मर्सिडीजच्याच घरात नांदायला गेली. तिथून पुढची गोष्ट आमच्या लाईनीवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असायला हवी. मॅटाडोर हे नावही टेम्पोचंच. ऐंशीच्या दशकात बजाज टेम्पोने डायम्लर-बेन्झकडून ओएम ६१६ हे डिझेल इंजिन घेतलं. २.४ लिटर, चार सिलिंडर. मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत हेच इंजिन होतं. जगभरच्या टॅक्सीवाल्यांनी ती गाडी अक्षरशः झिजवली. तेच इंजिन मॅटाडोरमध्ये आलं, ट्रॅक्समध्ये आलं, आणि त्याचंच वाढवलेलं भावंड पुढे क्रुझरमध्ये बसलं.

हे जरा सावकाश वाचा. ज्या दिवशी औरंगाबादेत दीडशे मर्सिडीजना हार घातले जात होते, त्या दिवशीही मुखेड, देगलूर, उदगीर, अहमदपूरच्या रस्त्यांवर क्रुझर आणि ट्रॅक्स धावतच होत्या. त्यांत दाटीवाटीने बसलेली म्हातारी, तिच्या मांडीवरचा नातू, टपावरची पोती आणि दाराला लोंबकळणारा पोरगा हे सगळे मर्सिडीजच्याच घराण्यातल्या इंजिनामागे बसले होते. त्यांना सात टक्क्यांचं कर्ज लागलं नाही, तिकिटापुरते सुटे पैसे लागले.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो मी अर्धा मान्य करतो. ही काळीपिवळीची कौतुकं सांगू नका, म्हणतात. नऊच्या जागी अठरा बसवून लोकांचे जीव घेणारी वाहतूक ती. खरं आहे. अशा गाड्यांच्या अपघातात इथली घरंच्या घरं बसली आहेत, आणि सीट भरल्याशिवाय गाडी न हलवणाऱ्या लाईनवाल्यांची मुजोरीही आम्ही भोगली आहे. पण अठरा माणसं कंपनीने बसवली नव्हती. एसटी येत नव्हती, आली तर थांबत नव्हती, म्हणून ती बसत होती. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा किनवट-माहूरच्या गावांतून दवाखाना, परीक्षा, बाजार कुणाच्या भरवशावर चालले? त्याच गाड्यांच्या. दोष द्यायचा तर नियम न पाळणाऱ्याला आणि पाळायला न लावणाऱ्याला द्या.

चौथा आक्षेप आक्षेप म्हणून येत नाही, कौतुक म्हणून येतो; मला तो जास्त खुपतो. "शेवटी जर्मन ते जर्मन. चोख काम, खोटेपणा नाही." हे वाक्य आपण गाडीपासून मिक्सरपर्यंत कशालाही लावतो. सप्टेंबर २०१५ आठवा. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं होतं की तपासणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरता धूर कमी दाखवायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. भारतात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या आणि २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड सुनावला. परीक्षक समोर आला की शहाण्यासारखं वागायचं आणि पाठ वळली की धिंगाणा, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही करतात. त्याला जर्मन शिस्त म्हणत नाहीत. टेम्पोही काही संत नव्हती. तीसच्या दशकात दोन इंजिनांची लष्करी गाडी तिनेही बनवली. चोखपणा रक्तात नसतो. तो एखाद्या मशीनमध्ये असतो किंवा नसतो, आणि मशीनमधला चोखपणा जर्मनीत बसून सिद्ध होत नाही.

तो सिद्ध झाला आमच्या गॅरेजांत. हा माझा मंडनाचा मुद्दा. नांदेडच्या देगलूर नाक्याला किंवा लातूरच्या गॅरेज लाईनला जुना मिस्त्री गाठा. ओएम ६१६ हा आकडा त्याला कदाचित सांगता येणार नाही. पण आवाजावरून कुठला नोझल टपकतोय ते सांगेल, एअर धरली तर कुठला नट किती ढिला करायचा ते सांगेल, बोअर किती वेळा करता येतो आणि कितव्यांदा नाही म्हणायचं तेही. ना कंपनीचं ट्रेनिंग, ना पुस्तक. जर्मन इंजिनिअराने जे मशीन भरपूर डिझेल, स्वच्छ ऑइल आणि सरळ रस्ता धरून आखलं, ते या माणसाने भेसळीच्या डिझेलवर, उन्हाळ्यातल्या बेचाळीस अंशांत, कच्च्या रस्त्यावर वीस-वीस वर्षं चालतं ठेवलं. मशीन उघडता येत होतं म्हणून हे जमलं. झाकण काढलं की आत काय आहे ते डोळ्यांना दिसे. आजच्या महागड्या जर्मन गाडीचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं दुसरं झाकण दिसतं, आणि स्कॅनर लावल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. लोक तिला प्रगती म्हणतात, म्हणोत. लोह्याजवळ रात्री दोनला बंद पडली तर प्रगतीला टोचन करूनच न्यावं लागतं.

प्रतिष्ठेचा आणखी एक पुरावा भाषेत आहे. टाटांनी २००५ साली एस ही छोटी गाडी आणली. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हणून लाडावलं, पण भाड्याने बोलवताना वाक्य तेच राहिलं: "टेम्पो सांगा एक." गंमत म्हणजे त्याच २००५ मध्ये बजाज टेम्पो कंपनीने स्वतःच्या नावातून टेम्पो काढलं आणि ती फोर्स मोटर्स झाली. मालकाने पाटी उतरवली, गावाने उतरवली नाही. जर्मनीत आज टेम्पो म्हणालात तर समोरचा बहुधा खिशातून कागदी रुमाल काढून देईल; त्या नावाचा रुमाल तिथे फार खपतो. माल वाहणारी गाडी असा त्या शब्दाचा अर्थ आपल्या देशात रोजच्या बोलण्यात शिल्लक आहे.

गाडीही शिल्लक आहे. मर्सिडीजची टी-१ व्हॅन जर्मनीत १९९५ ला थांबली. तिचाच सांगाडा घेऊन इकडे ट्रॅव्हलर झाली. सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरहून नांदेडला उतरलेले भाविक हजूर साहिबचं दर्शन घेतात आणि बिदरच्या नानक झिऱ्याला जायला गाडी ठरवतात, ती बहुतेकदा ही. कंपनीने नाव बदललं तरी तिला नुसतं ट्रॅव्हलर कुणी म्हणत नाही. टेम्पो ट्रॅव्हलर म्हणतात. आणि आज मर्सिडीजच्या चाकणच्या कारखान्यात जी इंजिनं बसतात, ती चाकणलाच जुळवून देण्याचं काम फोर्स मोटर्स करते. तारा मिरवणाऱ्याने बॉनेटखाली कुणाचा हात आहे तेही एकदा विचारून पाहावं.

तेव्हा मराठवाड्यात नाव कमावलेला जर्मन गाडीवाला कोण, या प्रश्नाचं उत्तर मी तरी विडालचा टेम्पो असंच देईन. मर्सिडीज घेणाऱ्यांवर माझा राग नाही. घ्यावी, ऐपत असेल तर दोन घ्याव्यात. फक्त इतिहास त्या दिवसापासून मोजू नये.

एक विनंती मात्र आहे. तुमच्या घरी, वाड्यात, मोंढ्यातल्या जुन्या पेढीवर हन्सेटचं किंवा मॅटाडोरचं आरसी बुक, हप्त्यांची पावती, गाडी घेतल्या दिवशी हार घालून काढलेला फोटो असेल, तर तो रद्दीत देऊ नका. त्याच्या मागे गाडी कुणी चालवली, कुठल्या लाईनीला चालवली आणि मिस्त्री कोण होता, एवढं पेनाने लिहून ठेवा.