उभ्या गाडीची बॅटरी

दिवाळीच्या सुमारास आपल्या धाराशिव जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. भूम, परंडा, वाशी, कळंबकडची कितीतरी घरे मग चार-पाच महिने म्हाताऱ्यांवर आणि लेकराबाळांवर असतात. कुणाचा मुलगा आखातात असतो, कुणी चाळीस दिवसांसाठी हजला जातो. मोटारसायकल ओसरीत उभी राहते. रात्री अम्मीला दवाखान्यात न्यायची वेळ येते, शेजारचा मुलगा बटण दाबतो आणि नुसती टिकटिक ऐकू येते.

गाडी बंद असली तरी बॅटरी हळूहळू उतरतच असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जरा जास्तच. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो. मग ती चार्जिंग धरत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकांत पेट्रोलचा पंपही बॅटरीवरच चालतो. त्यामुळे बॅटरी पुरती उतरली की किक मारूनही त्या सहसा सुरू होत नाहीत.

म्हणून गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्यावी. चावी बंद करून वायर सोडवावी: आधी काळी, मग लाल. बॅटरी पुसून सावलीत, कोरड्या जागी, मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवावी. पाणी घालायची बॅटरी असेल तर दोन रेघांच्या मध्ये डिस्टिल्ड वॉटर राखावे. नळाचे पाणी नको. सीलबंद बॅटरी उघडू नये.

महिन्यातून एकदा मीटर लावून पाहावे. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला लावावी. पाच अँपिअर-तासाच्या बॅटरीला अर्धा अँपिअरचा चार्जर पुरे. ट्रॅक्टरचा मोठा चार्जर तिला जाळतो. चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जागा मोकळी हवी आणि चूल, विडी-काडी लांब. बॅटरी परत बसवताना आधी लाल वायर, मग काळी.

गाडी रोज पाच मिनिटे जागेवर चालू ठेवल्याने बॅटरी भरत नाही, पेट्रोल मात्र जाते.

जाणाऱ्याने हे सारे घरी राहणाऱ्या सुनेला किंवा मुलीला एकदा करून दाखवावे आणि कॅलेंडरवर तारखेला खूण करावी. आपल्या माघारी गाडीची गरज त्यांनाच पडणार आहे.