यारी घरची करा, पण साखळी विकतची घ्या



पावसाळ्याच्या तोंडावर होड्या काठावर येतात. कारंजा असो की अमरजा, ज्यांच्या होडीला इंजिन आहे ते उतरवून दुरुस्तीला काढतात. मग चौघं मिळून बांबूवर उचलतात, नाहीतर शेडच्या अँगलला कप्पी बांधून ओढतात. माझं मत स्पष्ट आहे, हे बंद करा.

शेडचा अँगल पत्रे पेलायला असतो, इंजिन नाही. आणि एक हिशोब ध्यानात घ्या. वर एकच कप्पी बांधून दोर खाली ओढला तर जोर कमी लागत नाही. 100 किलोचं इंजिन एका बाजूला, तेवढीच ओढ दुसऱ्या बाजूला. म्हणजे अँगलवर 200 किलो येतात! हात सुटला की इंजिन सरळ पायावर.

गावच्या वेल्डरकडून लोखंडी पाइपची तिपाई करून घ्या, त्याला हरकत नाही. पाय बाहेर सरकू नयेत म्हणून तिन्ही पाय खाली साखळीनं बांधा. पण चेन पुली कंपनीचीच घ्या. तिला आतून ब्रेक असतो, हात सोडला तरी वजन जागेवर थांबतं. हुकाला पट्टी हवी. जाळ्याचा जुना नायलॉन दोर तर नकोच. तो उन्हानं कुजतो आणि गाठीपाशी कमजोर होतो.

पहिल्यांदा सिमेंटची 3 पोती, म्हणजे 150 किलो, वीतभर उचलून थोडा वेळ ठेवा. तिपाई वाकली नाही, वेल्डिंगला चीर गेली नाही, तरच 100 किलोचं इंजिन लावा.

विहिरीवरची यारी तुटून खालचा माणूस गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून वजन वर असताना खाली कुणी थांबायचं नाही, पोरांना तर जवळ येऊच देऊ नका.

1948 च्या कारखाना कायद्यात अशा साधनावर किती वजन चालतं ते लिहायला आणि वर्षातून एकदा तपासायला सांगितलं होतं. आपली शेड कारखाना नाही, पण कंबर आणि बोटं सगळ्यांची सारखीच.

एकेकट्याला खर्च जड जातो. म्हणून माझं म्हणणं, सोसायटीनं एक टनाची एक चेन पुली घ्यावी, वहीत नोंद करून सभासदांना आळीपाळीनं द्यावी. पुढच्या बैठकीत हा विषय ठेवतोय. होडीमालकांनी जरूर यावं, आपलं मत खाली लिहावं.

— आपला सचिव