विश्लेषण : घरी गिटार वाजवायची तर अ‍ॅम्प किती वॅटचा हवा?

इलेक्ट्रिक गिटार हे अर्धेच वाद्य आहे, उरलेले अर्धे म्हणजे अ‍ॅम्प. हे बहुतेकांना गिटार घरी आणल्यावर कळते. मग धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन बाजारात शोध सुरू होतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती वॅटचा?’ घर वन-बीएचके, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या मुलीचा दहावीचा अभ्यास आणि सरावाला मिळणारा वेळ रात्री साडेनऊनंतरचा. अशा घरात वॅटचा आकडा जवळपास निरुपयोगी ठरतो. तो पाहून घेतलेला अ‍ॅम्प एक तर सोसायटीत भांडण लावतो किंवा कायम इतक्या दबक्या आवाजात वाजतो की शिकणाऱ्याचा उत्साहच मावळतो. गिटार माळ्यावर जाण्यामागे आळस असतोच, पण अनेकदा चुकीचा अ‍ॅम्पही असतो.

वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट का?

नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायचा तर साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणजे १० वॅटऐवजी २० वॅटचा अ‍ॅम्प घेतला तर किंमत वाढते, वजन वाढते, आवाजात मात्र जेमतेम जाणवेल एवढाच फरक पडतो.

हेच गणित उलट्या दिशेने केले तर चित्र अधिक स्पष्ट होते. लहान अ‍ॅम्पमधला एखादा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९० डेसिबल आवाज देतो असे धरू. वॅटचा दहावा भाग दिला तर ८० डेसिबल, शंभरावा भाग दिला तर ७०, हजारावा भाग दिला तर ६०. दोन माणसे समोरासमोर बसून गप्पा मारतात तो आवाज साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतो. थोडक्यात, घरातल्यांना टीव्ही ऐकू येईल इतपत बेताने गिटार वाजवताना अ‍ॅम्प एका वॅटचा शंभरावा भागही जेमतेम वापरत असतो. खोक्यावर १० लिहिलेले असो वा ५०, उरलेले सगळे वॅट नुसते बसून राहतात.

स्पीकरचा हिशेब वेगळा. गिटारसाठी बनवलेल्या १२ इंची स्पीकरची संवेदनशीलता बऱ्याचदा ९७ ते १०० डेसिबलपर्यंत असते. म्हणून एका वॅटचा अ‍ॅम्प १२ इंची स्पीकरला जोडला तर तो दहा वॅटच्या चिमुकल्या अ‍ॅम्पइतका मोठ्याने वाजू शकतो. वॅट आणि आवाज यांच्यात स्पीकर उभा असतो, आणि जाहिरातीत त्याच्याबद्दल सहसा एक ओळही नसते. स्वस्त स्पीकरवर ‘पीएमपीओ’ असे लिहून छापलेले शेकडो वॅट तर विसरलेलेच बरे. पाहायचा असेल तर ‘आरएमएस’ पुढचा आकडा पाहावा.

मग ५० आणि १०० वॅटचे अ‍ॅम्प आले कुठून?

मोठ्या मंचावरून. १९६०च्या दशकात सभागृहांतली ध्वनियंत्रणा कमकुवत होती, गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत अ‍ॅम्पलाच पोहोचवावा लागे. लंडनच्या ‘द हू’ या बँडने जिम मार्शल यांच्याकडे आणखी मोठा आवाज मागितला आणि त्यातून १०० वॅटचे मार्शल अ‍ॅम्प घडले. आज मंचावर अ‍ॅम्पसमोर मायक्रोफोन लावून आवाज मोठ्या यंत्रणेतून सोडला जातो. तरी ‘जास्त वॅट म्हणजे दर्जेदार’ ही समजूत टिकून आहे, आणि दुकानदाराला ती मोडण्यात काही फायदा नाही.

हळू वाजवले की गिटारचा आवाज पातळ का होतो?

खरा प्रश्न हा आहे आणि त्याची कारणे दोन. पहिले कानात आहे. बेल लॅब्जमधील हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिले की आवाज कमी झाला की माणसाच्या कानाला खर्जाचे आणि अगदी तार स्वर मधल्या स्वरांपेक्षा जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. दुकानात भरदार वाटलेला अ‍ॅम्प घरी रात्री डबा वाजवल्यासारखा वाटतो तो यामुळे. अ‍ॅम्प तोच असतो, आवाजाची पातळी बदललेली असते.

दुसरे कारण अ‍ॅम्पच्या जातीत आहे. रॉक आणि ब्लूजमधला तो ओळखीचा करकरीत, भरलेला स्वर जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये पॉवर व्हॉल्व्हवर ताण दिल्यावर येतो. १५ वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला ताण द्यायचा म्हणजे अख्खी इमारत जागी करायची. साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये ‘गेन’ आणि ‘व्हॉल्यूम’ची बटणे वेगळी असल्याने तो स्वर हळू आवाजातही मिळतो, पण काहींत तो खरबरीत लागतो. ‘मॉडेलिंग’ अ‍ॅम्पमधली चिप तोच ताण गणिताने उभा करते. आवाज कितीही कमी ठेवला तरी स्वराचा पोत टिकतो. जाणकारांना त्यात खोट दिसते आणि ते अगदीच चूक नाहीत, पण रात्री दहाच्या ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये ही खोट परवडते.

बाजारात पर्याय कोणते?

साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये फेंडर फ्रंटमन १०जी आणि ऑरेंज क्रश १२ हे दोन ओळखीचे, दोन्हींत ६ इंची स्पीकर. बटणे मोजकी असल्याने नवशिक्या त्यात हरवत नाही. मॉडेलिंगवाला रोलँडचा मायक्रो क्यूब (३ वॅट, ५ इंची स्पीकर) आणि बॉसचा कटाना मिनी (७ वॅट, ४ इंची स्पीकर) हे दोन्ही सहा पेन्सिल सेलवरही चालतात. वीज जाणाऱ्या गावांत हे छोटे सुख नाही. यामाहाची टीएचआर मालिका दिसायला जुन्या रेडिओसारखी, किमतीने बरीच वरची, पण मुळात घरात हळू वाजवण्यासाठीच आखलेली. मोठा स्पीकर हवाच असेल तर बॉस कटाना ५०मध्ये अर्ध्या वॅटवर चालवण्याची सोय आहे. व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग तर थेट गिटारच्या जॅकमध्ये बसतो, त्याला स्पीकरच नाही, फक्त हेडफोन.

पहिल्याच अ‍ॅम्पमध्ये पन्नास इफेक्ट आणि मोबाइल अ‍ॅप घेऊ नये. शिकणारा सूर लावण्याऐवजी तासभर मेन्यू चाळत बसतो.

ज्यांच्याकडे पिकअपवाली अकूस्टिक गिटार, म्हणजे बोलीभाषेतली ‘सेमी-इलेक्ट्रिक’ आहे, त्यांनी यातले काही घेण्याची घाई करू नये. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर झपाट्याने गाळतो, त्यामुळे अकूस्टिकचा खणखणीतपणा त्यात मरतो. तसेही ती गिटार घरात अ‍ॅम्पविना पुरेशी वाजते.

नियम काय सांगतात?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी मालकीच्या ध्वनियंत्रणेचा किंवा वाद्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. म्हणजे हद्दीवर दिवसा ६० आणि रात्री ५०. फ्लॅटमध्ये ही हद्द व्यवहारात शेजाऱ्याची भिंत असते. शिवाय सभागृहासारख्या बंदिस्त जागांचा अपवाद सोडला तर रात्री ध्वनिवर्धक आणि वाद्ये वाजवण्यावर याच नियमांत निर्बंध आहेत. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भोंग्यांसंदर्भात निकाल देताना पोलिसांना तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करण्यास सांगितले. तो खटला गिटारचा नव्हता, पण तक्रार करायला आता पूर्वीइतका संकोच राहिलेला नाही, हे वाजवणाऱ्यानेही लक्षात ठेवायला हवे.

उपाय साधे आहेत. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नये. खर्जाची थरथर लादीतून थेट खालच्या मजल्यावर जाते. स्टुलावर, शक्यतो खाली जाड रबर किंवा फोम घालून, कानाच्या दिशेने तिरका ठेवला की कमी आवाजातही स्वच्छ ऐकू येते आणि व्हॉल्यूम आपोआप खाली राहतो. भिंतीला चिकटवायच्या फोमच्या टाइल खोलीतला घुमार कमी करतात, शेजाऱ्याकडे जाणारा आवाज नाही. आणि खिडकी उघडी असेल तर भिंत किती जाड आहे याने काही फरक पडत नाही.

हेडफोन लावले की प्रश्न मिटला?

शेजाऱ्यांचा मिटतो. म्हणून घरगुती अ‍ॅम्पमध्ये हेडफोनचे भोक नसेल तर तो घेऊच नये. मात्र हेडफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज पोहोचायला बऱ्याचदा १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. हवेतून आवाज १० मिलिसेकंदांत सुमारे साडेतीन मीटर जातो. त्या हिशेबाने १५० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे पन्नास मीटर दूर ठेवलेल्या अ‍ॅम्पवर ताल धरण्यासारखे आहे. अ‍ॅम्पवर ‘ब्लूटूथ’ लिहिलेले असते ते फोनवरचे गाणे लावून त्यासोबत वाजवण्यासाठी.

कानांचेही पाहायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे, लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्म्यावर येते. हेडफोनमधला गिटारचा एखादा झटका कानाजवळच फुटतो, म्हणून आधी व्हॉल्यूम शून्यावर आणि मग जोडणी.

अमेरिकेतून मागवलेला अ‍ॅम्प चालेल का?

न्यू जर्सीहून येणाऱ्या मामाच्या बॅगेत अ‍ॅम्प मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तिथली वीज १२० व्होल्ट, इथली २३०. अ‍ॅम्पच्या पाठीवर फक्त १२० व्होल्ट लिहिले असेल तर तो इथल्या प्लगात घालताच जळू शकतो. सोबत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो आणि वाचलेले पैसे त्यात जातात. अ‍ॅडाप्टरवर १०० ते २४० लिहिले असेल तर हरकत नाही. हरवलेला अ‍ॅडाप्टर बदलताना व्होल्ट आणि अँपिअरसोबत पिनचे ध्रुवही जुळवावेत. बॉससारख्या कंपन्यांच्या अ‍ॅडाप्टरमध्ये मधली पिन ऋण असते, बाजारातल्या बऱ्याच साध्या अ‍ॅडाप्टरमध्ये ती धन असते.

विजेचा याहून गंभीर मुद्दा अर्थिंगचा. जुन्या चाळींत आणि अनेक इमारतींत सॉकेटला तिसरे भोक असते, पण मागे वायर नसते. मग अ‍ॅम्प गुणगुणतो. सिंगल-कॉइल पिकअपची गिटार थोडी गुणगुणतेच, पण तारांना हात लावताच मुंग्या आल्या तर वाजवणे तिथेच थांबवावे. ‘यार्डबर्ड्स’ या ब्रिटिश बँडचा गायक कीथ रेल्फ मे १९७६मध्ये स्वतःच्या घरी, नीट अर्थिंग नसलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. गुणगुण घालवण्यासाठी तिसरी पिन कापण्याचा सल्ला देणारे आजही भेटतात. तो ऐकू नये. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे आणि घरात नसेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा.

दुकानात काय तपासावे?

स्वतःची गिटार न्यावी. विक्रेता मोठ्या आवाजात झकास वाजवून दाखवील, ते कौतुकाने ऐकून घ्यावे आणि मग व्हॉल्यूम घरातल्या रात्रीच्या पातळीवर आणायला सांगावे. बटण शून्यावरून एकवर नेताच आवाज एकदम उसळत असेल तर तो अ‍ॅम्प फ्लॅटमध्ये त्रास देणार. काहीच न वाजवता गेन वाढवून सूं-सूं आवाज किती येतो ते ऐकावे. हेडफोन लावताच स्पीकर बंद होतो का, तेही पाहावे.

वापरलेला अ‍ॅम्प घेताना प्रत्येक बटण टोकापासून टोकापर्यंत फिरवून खरखर तपासावी, जॅकमध्ये वायर घालून ती हलवावी. मग तो किमान पंधरा-वीस मिनिटे सुरू ठेवावा, काही दोष आतले भाग तापल्यावरच बाहेर येतात.