विश्लेषण : दोन नर गिनीपिग एका पिंजऱ्यात नांदू शकतात का?

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण नागभीड परिसरात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. ब्रह्मपुरी वनविभागात दोन नर वाघांची हद्दीवरून झुंज झाली की त्याची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत पोहोचते. त्यामुळे मुलांच्या हट्टापायी नागपूर किंवा चंद्रपूरहून दोन नर गिनीपिग घरी आले आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांमागे धावू लागले, की घरातली मोठी माणसे निकाल देऊन मोकळी होतात : नर-नर जमणार नाहीत, वेगळे करा. एक पिंजरा स्वयंपाकघरात जातो, दुसरा छपरीत. गिनीपिग साधारण पाच ते आठ वर्षे जगतो. म्हणजे पहिल्या दोन दिवसांच्या घाईपायी दोन्ही जनावरांना जन्मभराचा एकांतवास होतो. बहुतेक वेळा हा निकाल चुकीचा असतो.

वाघाचा नियम इथे का लागत नाही?

वाघ एकटा राहणारा प्राणी आहे. गिनीपिग नावाने डुक्कर असला तरी तो कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला आहे, आणि मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातला. त्याचे रानटी भाईबंद गवतात गटाने राहतात. सोबत असणे हीच त्याची सुरक्षितता. स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांत गिनीपिगला एकटे ठेवण्यास मनाई केली, ती याच कारणाने.

मग नर भांडतात का? जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठातले वर्तनशास्त्रज्ञ नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षे काम केले. गटात, थोरल्या नरांच्या धाकात वाढलेले नर पुढे अनोळखी नरांसमोर आले तेव्हा फारशी मारामारी न करता सामावून गेले. एकटे वाढलेले नर मात्र अंगावर धावून गेले. कुठे पुढे सरकायचे आणि कुठे मान खाली घालायची, हे पिल्लू वयात येताना मोठ्यांकडून शिकते. ज्याला ते शिकायलाच मिळाले नाही, तो भांडखोर निघतो.

धानपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. नवा गोऱ्हा नांगराला धरायचा असेल तर त्याला दुसऱ्या नवख्यासोबत कोणी जुंपत नाही. शेजारी मुरलेला, शांत बैल देतात. बैल खच्ची केलेला असतो हा फरक खरा, पण जोड लावण्याचे शहाणपण तेच. गिनीपिगमध्येही सगळ्यात सोपी जोड लागते ती पोक्त नर आणि लहान पिल्लाची. सगळ्यात अवघड, तीन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या दोन तरण्या नरांची. दुकानात नेमके याच वयाचे नर विकायला असतात, हे दुर्दैव.

पहिली भेट कशी लावावी?

नवा आलेला गिनीपिग दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा, म्हणजे खरूज किंवा सर्दी जुन्याला लागत नाही. त्यानंतर काही दिवस दोन्ही पिंजरे शेजारी ठेवून एकाचे अंथरूण दुसऱ्याकडे टाकावे. वास ओळखीचा झाला की निम्मे काम होते.

भेट मात्र कोणाच्याही पिंजऱ्यात नको. जुना नर तिथे घरमालक असतो. दोघांनाही परकी असलेली मोकळी जागा घ्यावी, खाली जुनी चादर अंथरावी आणि मध्ये गवताचा मोठा ढीग ठेवावा. भाताच्या तणसात पोषण कमी, ती खाली अंथरायला ठीक. खायला चांगले वाळलेले गवत आणि ताजी हरळी हवी. बाकी सगळे दोन-दोन : दोन वाट्या, पाण्याच्या दोन बाटल्या, लपायला दोन खोकी. खोक्याला दोन दारे हवीतच. एकच दार असले की आतला कोंडला जातो आणि कोंडलेलाच चावतो. जवळपास मादी असू नये, तिचा वाससुद्धा नको. मादी हाताळलेल्या हातांनी नरांना उचलले तरी जमलेली जोड बिघडू शकते.

त्यानंतर माणसाने शांत बसायचे असते, आणि तेच जमत नाही. नर घुरघुरतील, कंबर हलवत गोल फिरतील, एकमेकांच्या मागे हुंगतील, अंगावर चढतील, पाठलाग करतील. हे भांडण नव्हे. थोरला कोण, हे ठरवणे चालू असते. या वेळी ‘मारतोय, मारतोय’ म्हणत मध्ये पडले की हिशेब अर्धवट राहतो आणि पुढच्या भेटीत पहिल्यापासून सुरू होतो. मानेवरचे केस ताठ उभे राहून दातांची कटकट थांबेनाशी झाली तर सावध व्हावे. दोघे एकमेकांना धरून चेंडूसारखे लोळू लागले किंवा रक्त निघाले, तर लगेच वेगळे करावे. उघड्या हाताने नाही, मध्ये जाड टॉवेल टाकून.

दोन-चार तासांत दोघे शेजारी बसून खाऊ लागले, की धुऊन वास घालवलेल्या मोठ्या पिंजऱ्यात दोघांना एकत्रच सोडावे. दोन नरांना किमान १० चौरस फूट मोकळी जमीन लागते. दुकानात मिळणारा रंगीत पिंजरा याच्या पासंगालाही पुरत नाही. बऱ्याच घरांतली भांडणे खरे तर या पिंजऱ्याची असतात, नरांची नसतात.

‘त्यापेक्षा नर-मादी घ्या’ हा सल्ला विकणाऱ्याच्या सोयीचा. मादी सुमारे ६८ दिवसांत विते आणि व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षभरात घरात गर्दी आणि मग पिल्ले कोणाला द्यायची, हा प्रश्न. पाळीव प्राणी दुकानांसाठी केंद्राचे २०१८ चे नियम आहेत, दुकानाची नोंदणी बंधनकारक आहे. गिऱ्हाइकाने नोंदणी विचारावी आणि नर-मादी नीट तपासून घ्यावे.

नागभीडमध्ये पाळावेत का?

इथे हात आखडता घ्यायला हवा. ३० अंशांच्या वर गिनीपिगला उष्माघाताचा धोका असतो, आणि शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली हा प्राणी तग धरणार नाही. घरात थंड खोली नसेल तर आणूच नये. दुसरा मुद्दा औषधाचा. तालुक्यातले पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाय, बैल, शेळी पाहतात. जनावरांना सर्रास दिले जाणारे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारते आणि त्यात त्याचा जीव जाऊ शकतो. चावल्याची जखम झाली म्हणून घरातली उरलेली कॅप्सूल फोडून देणे तर त्याहून वाईट. नागपूरच्या एखाद्या जाणकार पशुवैद्याचा फोन नंबर गिनीपिग आणण्याआधी मोबाइलमध्ये असावा, आणि पहिली भेट दिवाळीनंतरच्या थंडीत लावावी.